धोमणेकाका आणि कंपनीचा प्रिंटर

आमच्या पुरानी बस्तीत कोणी नवा प्रिंटर आणला की धोमणेकाका सुतकी चेहऱ्यानं त्याच्या घरी जातात. खोक्यावरचं कंपनीचं नाव वाचतात आणि पाणीही न पिता तिथंच त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

काका माझे शेजारी, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. जगभरची माणसं मिळून एक फुकट, सगळ्यांना खुली संगणक प्रणाली बनवतात. तिच्यात एका जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर काका सांभाळतात. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा दुभाषा. तो खरं तर कंपनीनं लिहायचा. कंपनीनं प्रिंटर विकले आणि हात झटकले, म्हणून काकांनी लिहिला. आता प्रणाली बदलली की ड्रायव्हर मोडतो, आणि काका लालबुंद होऊन तो पुन्हा जोडत बसतात.

"पोट्टं त्यायचं, शेंबूड मी काहून पुसू?" हे त्यांचं पालुपद.

"मग नका पुसू," मी एकदा म्हणालो.

"अन् तुमच्या शिकवणीचे पेपर कोण छापीन, मास्तर? त्या कंपनीचा बाप?"

माझाही प्रिंटर तोच. आणि खरं सांगतो, काकांचा राग मला पटतो. नफा कंपनीनं खायचा आणि उष्टी एका पेन्शनरानं काढायची, हा कुठला न्याय? त्यांचा मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणतो, "पापा, छोड़ो ना ये सब." काका फोन आपटतात.

परवा मात्र आक्रीत घडलं. इतकी वर्षं काकांची जळजळीत पत्रं गिळून बसलेल्या कंपनीनं कळवलं, यापुढे ड्रायव्हर आमचे इंजिनियर सांभाळतील. मी सदर बाजारातून पेढे घेऊन धावलो. काका खुर्चीत बसले होते. पेढ्याला हात लावेनात.

"जिंकलात की काका!"

"काय जिंकलो जी? फिनलंडच्या एका खेड्यात वाचनालयवाली बाई आहे. थंडीत तिचा प्रिंटर लवकर जागा होत नाही, म्हणून मी ड्रायव्हरले थोडं थांबाले शिकवलं. हे पोट्टे म्हणतीन, ह्या दोन ओळी कायले? काढा!"

"तसं कळवा ना त्यांना."

"कळवलं. ठेवतो म्हणे." काका खिडकीबाहेर पाहू लागले. "बिघाड झाला का ती मले लिहे. पत्राच्या खाली विचारे, गुडघे कसे आहेत. आता ती कंपनीले लिहीन."

त्या कंपनीचा इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि या खेपेला तर तिचं काहीच चुकलं नव्हतं.