शेवटच्या गाण्यातली शांतता

“झालं का रे?” उस्तादांनी फळ्यांच्या भिंतीकडे तोंड करून विचारलं, आणि उत्तर म्हणून पलीकडून गिटार, बेस आणि ड्रम असं सगळं एकदम अंगावर आलं. उगारलेली हातोडी उस्तादांनी तशीच हवेत धरली, तोंडातले बारीक खिळे जिभेने एका गालात सारले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “आमचे चिरंजीव. दुसरा अल्बम करतायत. थांबावं लागेल जरा.”

उस्ताद म्हणजे गाण्यातले उस्ताद नव्हेत हो! ते सोफे दुरुस्त करत. दबलेला, फाटलेला, स्प्रिंगा बाहेर काढून बसलेला सोफा त्यांच्याकडे टाकावा आणि नवाकोरा करून न्यावा. म्हणून सगळा रस्ता त्यांना उस्ताद म्हणे. आता गंमत बघा, फळीच्या अलीकडे खुर्च्या ठोकणारा माणूस उस्ताद, आणि पलीकडे दिवसभर गाणारी-वाजवणारी तिघं मात्र नुसती ‘ती पोरं’.

पोरांचा बँड उस्तादांच्या कारखान्यामागच्या कोठीत सराव करायचा. सुरुवातीला फार धमाल उडाली. अलीकडून उस्ताद ठोकायचे, पलीकडून ती ठोकायची, आणि कोण कुणाला हरवतंय हे शेजाऱ्यांना कळेना. शेवटी चिरंजिवांच्या आईने दोघांना समोर उभं करून करार घालून दिला. पोरं वाजवत असली की उस्तादांनी हातोडी उचलायची नाही. पोरं थांबली की उस्तादांनी पोटभर ठोकून घ्यायचं. पण थांबली आहेत की नुसता श्वास घेतायत हे फळीतून कसं कळणार? म्हणून पलीकडे शांत झालं की उस्ताद विचारायचे, “झालं का रे?” आवाज आला नाही तर ठोकाठोक सुरू. पण पोरं कसली गप्प बसतायत! त्या प्रश्नाने त्यांना असा काही चेव यायचा की पुढच्याच क्षणी पुन्हा दणदणाट.

तिघांत गाणारा आणि गिटार वाजवणारा म्हणजे चिरंजीव. ड्रमवर एक सडपातळ मुलगी, तिला सगळे ‘वादळ’ म्हणत. बेस वाजवायचा ‘मौनी’. त्याचं खरं नाव विचारलं तर तेही तो दुसऱ्याला सांगायला लावायचा.

पहिल्या अल्बमात ही मंडळी एकदम सुरू होत आणि एकदम दमत. प्रत्येक गाण्यात कुणीतरी कुणालातरी सोडून गेलेलं असे. उस्तादांच्या टेबलावरच्या डब्यातले खिळे उड्या मारत. दुसऱ्या अल्बमाला मात्र खिळे बहुतेक वेळ जागचे हलेनात, तेव्हा उस्तादांनी बायकोला अभिमानाने सांगितलं, “अगं, प्रगती आहे पोरात.”

आणि खरंच होती. या वेळी त्यांनी एका घराचा सबंध दिवस घेतला होता, पहाटेपासून दिवे मालवेपर्यंत, गाण्याला गाणं जोडून. कुठे नुसता एक सूर, कुठे कुजबुज. शेवटच्या गाण्यात तर सगळं चढत चढत जायचं आणि एकाएकी थांबायचं. पूर्ण शांतता. मग तिघांनी एकाच क्षणी, अगदी हळूच, पुन्हा सुरू करायचं.

“बाबा, शांततासुद्धा वाजवावी लागते,” चिरंजीव जेवताना म्हणाले.

“मग ती बाकीच्या गाण्यांत का नाही वाजवत?” उस्तादांनी विचारलं. आईला ठसका लागला.

पुढे रेकॉर्डिंगचे दिवस आले. पोरं पेट्या, तारा, ड्रम घेऊन स्टुडिओत गेली. शेवटच्या गाण्यापर्यंतची सगळी गाणी लोण्यासारखी उतरली. रेकॉर्डिंगवाला म्हणजे भारी खडूस माणूस. कुणाचं कौतुक केलं तर आपल्या यंत्रांना राग येईल अशा धास्तीने वागणारा. पण तोही मान हलवत म्हणाला, “पोरांनो, गेल्या खेपेला तुम्ही आवाज केला होता. या खेपेला गाणं केलंय.” वादळने तिथल्या तिथे उडी मारली.

राहिलं शेवटचं गाणं, आणि हातात राहिली एकच दुपार. कारण मौनी दुसऱ्या दिवशी दूरदेशी नोकरीला निघाला होता. आज जमलं तर जमलं, नाहीतर अल्बम बिनशेपटाचा राहणार.

गाणं सुरू झालं, चढलं, थांबलं. शांतता झाली. आणि ती संपेचना! चिरंजिवांनी वादळकडे पाहिलं, वादळने मौनीकडे, मौनीने छताकडे.

“वीज गेली का?” काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

पुन्हा घेतलं. या वेळी वादळ आधी घुसली, चिरंजीव मागून धावले, आणि मौनी पोचेपर्यंत ती दोघं थांबली होती. मग मनात आकडे मोजायचं ठरलं, तर तिघांचे आकडे तीन वेगवेगळ्या वेगांनी चालले. मग डोळ्यांनी खुणा करायचं ठरलं, तर मौनीला शिंक आली. कोठीत इतक्या वेळा बिनचूक जमलेली गोष्ट इथे का जमत नव्हती कुणास ठाऊक. चिरंजिवांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात वादळने काठ्या खाली टाकल्या. “ए, आपण कोठीत कशावरून सुरू करायचो?”

“कशावरून म्हणजे? आतून यायचं,” चिरंजीव म्हणाले.

“आतून कसलं? फळीतून यायचं! काका ‘झालं का रे’ म्हणायचे आणि आपण सुरू व्हायचो!”

चिरंजिवांनी कपाळावर हात मारला. इतके महिने ज्या शांततेला ती पोरं आपली कला समजत होती, तिची लांबी म्हणजे उस्तादांचा धीर सुटायला लागणारा वेळ होता, दुसरं काही नाही. मौनीने त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं, “बोलवा त्यांना.”

फोन गेला. “बाबा, असाल तसे या.” उस्ताद असतील तसे, म्हणजे कॉलरला सुई, खिशात खिळे आणि हातात हातोडी घेऊन निघाले. “अनोळखी जागी तुम्ही एकटे काय काय बोलाल याचा नेम नाही,” असं म्हणत आईही निघाली.

सगळा प्रकार ऐकल्यावर उस्तादांना आकाश ठेंगणं झालं. “म्हणजे माझ्यावाचून गाणं अडलंय?”

“गाणं नाही, शांतता,” रेकॉर्डिंगवाल्याने दुरुस्ती केली. “तुम्ही इथे माझ्याजवळ काचेअलीकडे बसा. हा तुमचा माईक. तुमचं बोलणं फक्त या तिघांच्या कानात जाईल. गाण्यात येणार नाही.”

“गाण्यात येणार नाही?”

“नाही काका.”

“थोडंसुद्धा?”

“अजिबात नाही.”

उस्तादांचा चेहरा पडला खरा, पण माईक समोर आहे म्हटल्यावर त्यांनी खिशातून कंगवा काढला.

“अहो, कंगवा कशाला? ऐकूच येणार आहात तुम्ही, दिसणार नाही,” आई म्हणाली.

“तुला नाही कळायचं,” उस्ताद भांग पाडत म्हणाले.

गाणं सुरू झालं. शांतता आली. उस्तादांनी घसा साफ केला आणि भारदस्त आवाजात विचारलं, “आपले वादन समाप्त झाले काय?”

वादळ हसून हसून ड्रमवर आडवी झाली.

“काका, नेहमीसारखं म्हणा ना!”

“अगं, चांगल्या ठिकाणी आलोय, जरा चांगलं बोलावं म्हटलं.”

दुसऱ्या खेपेला, आपली जागा हुकेल या धास्तीने, ते गाणं थांबायच्या आधीच “झालं का रे?” म्हणून मोकळे झाले. चिरंजीव शब्द विसरले. तिसऱ्या खेपेला त्यांना कलेचा साक्षात्कार झाला. त्यांनी ‘झालं का रे’ चक्क सुरात म्हटलं, तेही भलत्याच सुरात, आणि शेवटच्या ‘रे’ला एक झोकदार हेलकावा दिला. रेकॉर्डिंगवाल्याने डोक्यावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“काका, तुम्ही रोज म्हणता तसं, साधं, येत नाही का हो?”

“रोज मी म्हणतो कुठे? ते निघतं तोंडातून,” उस्ताद रडकुंडीला येऊन म्हणाले. “आता तुम्ही सगळे टक लावून बसलात, मग कसं निघणार?”

काचेपलीकडे चिरंजीव गिटार मांडीवर टाकून खाली बघत बसले होते. मौनी घड्याळाकडे बघत होता.  पोराने एवढं मन लावून केलेलं काम, आणि बापाच्या तोंडून दोन शब्द धड निघू नयेत!

आई इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. ती पुढे आली आणि रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाली, “तुमची ही खुर्ची फार बसलीय हो. उठा बघू.”

“आत्ता? खुर्ची?”

“उठा म्हणते ना. यांच्या हाताला काम द्या. हे नुसते बसले की बिघडतात.”

खडूस माणूस निमूटपणे उठला. खुर्चीची बैठक खरोखरच मधोमध खचलेली होती. उस्तादांनी खुर्ची उलटी केली, कापड उसवलं, आतला चुरा झालेला स्पंज बाहेर ओढला आणि म्हणाले, “हे भरलंय कुणी? गाढवाने?” आवाज अगदी नेहमीचा निघाला. आईने काचेतून पोरांना हाताने खूण केली, करा सुरू.

उस्तादांच्या डोक्यावर हेडफोन होते, गालात खिळे होते. गाणं सुरू झालं तशी त्यांनी करार पाळून हातोडी बाजूला ठेवली आणि बिनआवाजाचं काम सुरू केलं. चुरा झाडला, कापड ताणलं. आधीच्या तिन्ही खेपांना ते आपली जागा कधी येते याच्याच काळजीत होते, त्यामुळे गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आणि फळीतून तर इतके महिने नुसता आवाज आला होता, शब्द कधी आलेच नव्हते. आता हात कामात होते आणि कान मोकळे.

पोरगा गात होता. घरातले दिवे एकेक करून मालवत होता. कुणाचं पांघरूण, कुणाचं उरलेलं काम, उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या चपला, सगळं त्यात येत होतं. हा आपलाच मुलगा आहे, आणि एवढं सगळं त्याने कधी पाहिलं, असं उस्तादांना वाटून गेलं. मग पहिला खिळा मारायला म्हणून त्यांनी हातोडी उचलली, गाणं चालूच आहे हे ध्यानात येऊन ती तशीच वर धरली, आणि कानात शब्द आले:

‘भिंतीपलीकडे एक हात थांबलाय,
माझं संपेपर्यंत तो खाली येत नाही.’

आणि सगळं थांबलं. शांतता झाली.

उस्तादांनी आपल्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. काचेपलीकडून तिघं त्यांच्याकडे बघत होती. आई बघत होती. खुर्चीवाचून उभा असलेला रेकॉर्डिंगवाला भुवया उंचावून “म्हणा, म्हणा” असं खुणावत होता. उस्तादांना म्हणायचं होतं हो! पण तोंडातून ‘झालं’ही निघेना आणि ‘का’ही निघेना. पोराने आपल्यावर गाणं केलं होतं. आपण थांबतो हे त्याला माहीत होतं. कुरकुर करतो, पण थांबतो, हे त्या कार्ट्याने ऐकलं होतं, आणि गाण्यातली सगळ्यात मोठी जागा त्यासाठी मोकळी सोडली होती.

शांतता लांबत चालली. कोठीत कधी लांबली नव्हती इतकी लांबली. मग उस्तादांनी तो हात सावकाश, जराही आवाज होऊ न देता, खाली आणून गुडघ्यावर ठेवला.

हात टेकला त्या क्षणी तिघं एकदम सुरू झाली, इतक्या हळुवारपणे की जणू एकाच माणसाने श्वास सोडावा. गाणं शेवटापर्यंत गेलं आणि संपलं. कुणी हललं नाही. रेकॉर्डिंगवाल्याने बटण दाबलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि आपला चष्मा बराच वेळ पुसत राहिला.

उस्तादांनी घाईघाईने गालातले खिळे हातात काढले. “चुकलं माझं! बोलायचं राहूनच गेलं. सगळ्यांचा खोळंबा केला मी.”

चिरंजीव काचेचं दार ढकलून आत आले. त्यांचेही डोळे लाल होते, पण चेहरा असा उजळला होता की आईला ते एकदम लहान वाटले. “बाबा, काही चुकलं नाही. हेच ठेवायचं. यापेक्षा चांगलं आम्हाला जन्मात येणार नाही.”

“पुन्हा वाजवा,” उस्ताद म्हणाले.

“अहो बाबा, गरज नाही. जमलंय.”

“तुम्हाला नसेल गरज,” उस्ताद म्हणाले. आवाज अजून ठिकाणावर आला नव्हता आणि तो लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. “मला ऐकायचंय.”

मौनीने न बोलता बेस पुन्हा गळ्यात अडकवला. वादळने जमिनीवरच्या काठ्या उचलल्या. उस्तादांनी हातोडी आईच्या हातात दिली, हेडफोन काढून टाकले आणि काचेचं दार ओलांडून थेट पोरांच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“काका, खुर्चीचं काय?” रेकॉर्डिंगवाल्याने मागून विचारलं.

“घाई काय आहे?” उस्ताद म्हणाले, आणि मुलाकडे वळले. “हां, पहाटेपासून घे.”