खुर्चीतल्या मुंग्या

"मुंग्या आल्यात गं," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, तेव्हा ती ओट्याशी होती. तिने मुंग्यांच्या पावडरीचा डबा नेऊन त्यांच्यापुढे धरला. बाबांनी डब्याकडे पाहिलं, बधिर झालेल्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. संध्याकाळपर्यंत निम्म्या नातेवाइकांना फोनवर हा किस्सा सांगून झाला. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

पुढचं सगळं भावाने निस्तरलं. लोकांना कळवलंही त्यानेच. तिच्या तोंडून तो शब्द निघाला नाही, आणि काढायची वेळही कोणी आणली नाही.

भाऊ त्याच्या घरी परतला आणि खऱ्या मुंग्या आल्या. बारीक, तांबूस. साखरेच्या डब्याला वळसा घालून त्या थेट बाबांच्या खुर्चीवर चढत, आणि जिथे त्यांचं डोकं टेकायचं तिथे डोक्याएवढं वर्तुळ धरून बसत. तिने हळद टाकली, खुर्ची पुसली, दुसऱ्या भिंतीला सरकवली. सकाळी खुर्चीवर वर्तुळ पुन्हा त्याच जागी. एकदा तर ते किंचित कललेलं होतं, बाबा पेपर वाचताना मान कलवत तसं. तिने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं.

त्याने कागदावर मधाचा एक थेंब ठेवला, शेजारी तेलाचा. मुंग्या मधाला विचारीनात. तेलावर मात्र तुटून पडल्या.

"इथे कोणी डोक्याला भरपूर तेल लावतं का, ताई?"

"बाबा."

"मग बरोबर. तेच नेतायत त्या, कणाकणाने."

फवारा मारला तर त्या पांगून घरभर होतील, त्यापेक्षा औषधी लेप लावू, असं म्हणून त्याने नळी काढली आणि थबकला. मागे एका घरी आजोबा त्या लेपावर टेकले आणि बनियनसकट खुर्चीला चिकटले. तेव्हापासून बसणाऱ्याला समक्ष सांगितल्याशिवाय तो लेप लावत नसे.

"बाबा कुठायत?"

"घरात नाहीत."

"मग थांबतो की." तो स्टुलावर ऐसपैस बसला.

तिने चहा केला. ते लांब जातात का, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली. त्याची नजर दाराकडे गेली.

"चप्पल तर इथेच दिसतीय."

खुर्चीवरचं वर्तुळ जरासं हललं.

"बाबा गेले," ती म्हणाली.

"ते कळलं हो. येणार कधी?"

तिने कप खाली ठेवला.

"नाही येणार," ती म्हणाली. "वारले माझे बाबा."