उन्हात उभा ईझल

जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील.

एक पितळी मळसूत्र. सुलट फिरवलं की चित्र वर, उलट फिरवलं की खाली.

श्रीवर्धनातले यच्चयावत थोर पुरुष, सगळ्यांचा डावा खांदा उतरलेला.

मुंबईचा एक वैतागलेला दुकानदार: "पेंटरसाहेब, लाकूड घ्यायला आलात का बायको?"

दादांचं नाक.

हे सगळं एका जागी आणलं महादेवने, आणि तो स्वतः मात्र एका जागी ठरत नव्हता. महादेव माणसांची तैलचित्रं काढायचा. कॅनव्हास खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधायचा. खुर्चीचा एक पाय आखूड, म्हणून थोर पुरुषांचे खांदे उतरायचे.

"पायाखाली लाकडाची चीप सारा की," त्याची बायको कुमुद म्हणायची.

"चीप सारलेल्या खुर्चीवर कला होत नसते."

"मग काय होतं ते दिसतंच आहे भिंतीवर."

अशात वाचनालयाने दादांचं चित्र सांगितलं. दादा म्हणजे सुपारीच्या मोठ्या वाडीचे मालक. वाचनालयाची जागा त्यांचीच. सोवळं असं की मासळीची पाटी रस्त्यात आडवी गेली तरी घरी परतून आंघोळ करायचे. त्यांना चित्रासाठी बसवणं महाकठीण. बसले की चेहरा कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखा, आणि घडोघडी "झालं का रे?" दोन कॅनव्हास फुकट गेले. तेव्हा वाचनालयाचे चिटणीस अंबाजीपंत म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला अनावरण. तोवर जमवा, नाहीतर मुंबईहून दादांचा फोटो मोठा करून आणू."

एकदा का दादांचा फोटो भिंतीवर चढला की गावात पुन्हा कुणी रंगाच्या चित्राला बसणार नाही, हे महादेवला पक्कं ठाऊक होतं. मग आयुष्यभर दुकानांच्या पाट्या. दोष खुर्चीचा आहे असं त्याने ठरवलं आणि बोटीने मुंबई गाठली.

दुकानात दोन ईझल, म्हणजे चित्र ठेवायचे लाकडी घोडे, होते. एक हलका, घडीचा. दुसरा भक्कम, मळसूत्राचा, पॉलिश न केलेल्या कोऱ्या लाकडाचा. महादेव याच्यापुढे उभा राही, डोळे बारीक करी, मागे सरके, मग त्याच्यापुढे. हलक्याचे पैसे भरून बाहेर पडला, कोपऱ्यावरून परत आला आणि भक्कम घेतला. दुकानदाराने घाईघाईने दार लावून घेतलं.

श्रीवर्धनला बोट खोल पाण्यात थांबली. तुकाराम कोळ्याने आपल्या होडीतून पेंटर आणि पेटारा दोन्ही किनाऱ्यावर आणले. घरापर्यंत धीर धरायचा हे महादेवच्या स्वभावात नव्हतं. त्याने तिथेच वाळूत पेटारा फोडला, ईझल उभा केला आणि मळसूत्र फिरवायला लागला. वर. खाली. पुन्हा वर. मागे समुद्र होता, पण त्याच्याकडे पाहायला वेळ कुणाला?

तुकारामाची बायको नीराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "ह्ये काय हाय, पेंटरभाऊ?"

"ईझल."

"काय वाळवतान ह्याच्यावर?"

"काही वाळवत नाहीत. माणसं लावतात."

"मानसा वाळवतान?" नीराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलाव का? तुमचा नंबर लावू?"

पेटारा मोडलेला, ईझल जड. महादेव बैलगाडी बघायला गेला. गाडीवाला सदू म्हणाला, "आज चाक उतरवलंय, उद्या सकाळी येतो." महादेवने नीराबाईला निरोप धाडला, ईझल तुझ्या अंगणात ठेव, जप. आणि उरलेला दिवस तो वाटेत भेटेल त्याला मळसूत्र कसं फिरतं ते हातवारे करून सांगत हिंडला.

दुसऱ्या दिवशी ईझल जपलेला होता. वरपासून खालपर्यंत त्याच्यावर दोऱ्या बांधून, जबड्यात जबडा अडकवून, ओले बोंबील टांगले होते. पाणी कोऱ्या लाकडातून निथळत होतं.

"नीराबाई, हे काय केलंस?"

"आमची काठी मोडली. ह्यो नुसता उन्हात उभा." ती मळसूत्राला हात लावून म्हणाली, "भारी हाय पन. ऊन कलला का फिरवायचा."

घरी महादेवने लाकूड रिठ्याने धुतलं, चुन्याने घासलं, टर्पेंटाइन चोळलं, कापूर जाळला. कुमुद पदर नाकाला लावून उभी होती. "लाकूड प्यायलंय ते. आता काही सोडायचं नाही."

"रंगाच्या वासात कळणार नाही."

"मांजराला कळलंय."

खरंच, ईझलच्या पायाला एक मांजर अंग घासत होतं. तिसऱ्या प्रहरी दादा यायचे होते. तोवर मांजरं चार झाली. खुर्चीवर परत यावं तर ती कुमुदने चुलीत घातली होती. नवा ईझल येणार म्हणून त्यानेच सांगितलं होतं.

दादा आले, बसले. चेहरा साक्षीचा. महादेव कॅनव्हासमागे दडून ब्रश चालवू लागला. वाऱ्याची झुळूक आली, ती ईझलवरून थेट दादांकडे गेली. दादांचं नाक हललं. महादेवने डोळे मिटून घेतले.

"महादेवा."

"जी दादा."

"वास कसला येतोय?"

"रंगाचा. विलायती आहे."

दादांनी पुन्हा श्वास घेतला, सावकाश, पोट भरेपर्यंत. त्यांचे खांदे सैल पडले. कपाळावरची आठी गेली. डोळे अर्धवट मिटले. "विलायती चीज ती विलायतीच," ते म्हणाले, आणि दिवेलागणीपर्यंत एकदाही "झालं का रे?" म्हणाले नाहीत. मांडीवर मांजर येऊन बसलं, ते त्यांनी हाकललंही नाही. दुसऱ्या दिवशी बोलावलं नसताना आले.

पाडव्याला वाचनालयात ईझलवरच्या चित्रावरचा पडदा सरला. "केवढा भक्तिभाव आहे चेहऱ्यावर," अंबाजीपंत पुटपुटले. "समाधीच लागली आहे." त्याच बैठकीत महादेवला तीन चित्रांची कामं मिळाली. तो नमस्कार करत ईझलकडे वळला, तेव्हा दादांनी हात आडवा केला.

"चित्र भिंतीवर टांगायचं नाही. आहे तसंच घोड्यावर राहील. आणि ते माझ्या घरी."

"पण दादा, घोडा माझा—"

"दुसरा आण. किंमत मी देतो."

झालं. रोज संध्याकाळी दादा आपल्याच चित्रासमोर तास तास बसू लागले. म्हातारपणी गर्व चढला, असं गाव म्हणे. महादेवने मुंबईहून हलका, घडीचा ईझल आणला. त्याच्यापुढे एकही माणूस स्वस्थ बसेना.

होळीच्या सुमारास दादांचं बोलावणं आलं. "महादेवा, चित्र उतरलं रे. पूर्वीची गोडी नाही राहिली."

चित्र होतं तसंच होतं. महादेवने खाली वाकून लाकूड हुंगलं. नुसत्या सागाचा वास.

"ऊन दाखवायला हवं, दादा."

"मग दाखव. घाई नाही. चांगलं मुरू दे."

सदूची गाडी किनाऱ्याला लागली तेव्हा नीराबाई पाटी घेऊन उभीच होती. "आज कोनाला वाळवायचा, पेंटरभाऊ?"

"कुणाला नाही," महादेव म्हणाला. "तू तुझं टांग."

दादा जन्मले त्याच आठवड्यात त्यांची आई गेली होती, आणि चालायला लागेपर्यंत ते कोळीवाड्यात, नीराबाईच्या आजीच्या अंगावर वाढले.