सोय आली का?

गिरजाआत्या कुठंही जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जातात. लोखंडी, घडीची, हिरव्या पट्ट्यांची. लग्नाला, दवाखान्यात, बँकेत, एवढंच काय, दहाव्यालासुद्धा. आमच्या घरी आल्या तरी सोफ्यावर बसत नाहीत. "त्याच्यात बसलं की उठवायला मानूस लागतो," म्हणतात आणि दारातच खुर्ची उघडतात. एकदा एसटीत कंडक्टर गमतीनं म्हणाला, "आजी, खुर्चीचं अर्धं तिकीट पडतं." आत्यांनी खुर्ची मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं." पुढं कोपरगाव येईपर्यंत तो कंडक्टर त्यांच्याशी लेकराच्या तब्येतीबद्दलच बोलत होता.

आत्या आमच्या शेजारी, धाकट्या भावाकडं राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. भाऊ साखर कारखान्यात पाळीवर जातो, भावजय शेतात. त्यामुळं भावाची मुलगी वैष्णवी आत्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. वैष्णवीला जन्मापासून हातापायांचा त्रास आहे. वॉकर धरून चालते, हात थरथरतो म्हणून लिहिता येत नाही, आणि एकेक शब्द जोर लावून बोलते. डोकं मात्र विळ्यासारखं.

सातवीपर्यंत ती गावातल्या मराठी शाळेत आरामात शिकली. आठवीसाठी आमच्या हायस्कूलात यायची वेळ आली, तेव्हा अडलं. मी इथंच मराठी शिकवतो, म्हणून आत्या मलाच घेऊन हेडसरांकडं गेल्या. हेडसर माणूस वाईट नाही, पण नवीन काही आलं की ते बिचकतात. ते म्हणाले, "आमच्याकडं तिची सोय नाही हो. नगरला खास शाळा आहे, वसतिगृहासकट. तिकडं बघा."

"सोय न्हाई म्हंजे नेमकं काय काय न्हाई?" आत्यांनी विचारलं.

हेडसरांनी सांगितलं. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर. स्वच्छतागृहात धरायला काही नाही. परीक्षेत लिहायला कोणी नाही. आणि अशा मुलांना शिकवणारे विशेष शिक्षकही नाहीत.

"एवढंच ना? मग यिल सोय. मी थांबते." आणि आत्यांनी व्हरांड्यात खुर्ची उघडली.

त्या कधी भांडल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. रोज शाळा भरली की यायच्या, हेडसरांच्या दारासमोर बसायच्या आणि हेडसर दिसले की पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारायच्या, "सोय आली का?" शिपाई म्हणाला, घरी जा, निरोप पाठवतो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मला काय घाई न्हाई. म्हैस भाकड हाय."

हे वाक्य शाळेत इतकं पसरलं, की तास संपवायला उशीर करणाऱ्या गणिताच्या सरांना मुलं हळूच विचारू लागली, "सर, म्हैस भाकड आहे का?"

घरी मात्र वेगळं वारं होतं. भाऊ थकला होता. "जाऊ दे आक्का," तो म्हणाला, "नगरला एकटी कशी ऱ्हाईल? त्यापेक्षा घरीच ऱ्हाऊ दे." वैष्णवी त्या दिवशी जेवली नाही. आत्यांनी तिचं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी मला म्हणाल्या, "सर, आज तालुक्याला जायचं."

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आत्या, वैष्णवी आणि मी असे तिघं पोचलो, खुर्ची धरून चौघं. तिथले साहेब तरुण होते. मान वर न करता म्हणाले, "उद्या या."

"उद्या हिकडंच यिल ना?" आत्या म्हणाल्या. "मग जाऊ कशाला? मी थांबते." आणि खट्‌कन खुर्ची उघडली.

दुपारी साहेबांचा डबा आला नव्हता, हे आत्यांनी हेरलं. आपली भाकरी आणि ठेचा त्यांच्या टेबलावर ठेवला. पहिल्या घासाला साहेबांचे कान लाल झाले, तिसऱ्या घासाला त्यांनी डोळे पुसत विचारलं, "काय काम आहे म्हणालात?"

मी सांगायला लागलो, तर आत्यांनी मला अडवलं. "तिला सांगू द्या."

वैष्णवी सांगू लागली. तिचा शब्द अडला की साहेब आपल्याकडून पुढचा शब्द सुचवत होते. आत्या म्हणाल्या, "थांबा जरा. तिचं वाक्य तिलाच पुरं करू द्या." जगात कुणाचंही वाक्य पुरं न होऊ देणारी ही बाई तिथं तोंड मिटून बसली होती.

"मला... ह्याच... शाळेत... शिकायचंय," वैष्णवी म्हणाली. "पेपर... मी सांगीन. कुणीतरी... लिहील. पण गणित... त्यानं... सोडवायचं नाही. माझं... चुकेल."

साहेब मोठ्यानं हसले. मग त्यांनी हेडसरांना फोन लावला. मुलीला नाकारता येणार नाही, कायदाच तसा आहे. लेखनिक आणि जादा वेळ तिचा हक्क आहे. विशेष शिक्षिका आठवड्यातून एकदा मी पाठवतो. हे सगळं ते शांतपणे बोलले. शेवटी म्हणाले, "आणि सर, लवकर करा. नाहीतर आजी पुन्हा इकडं येतील. मला ठेचा सोसत नाही."

मग सोय भराभर आली. आठवीचा वर्ग खाली आला, पाचवीची पोरं नाचत वर गेली. स्वच्छतागृहात लोखंडी दांडा बसला. तो हेडसरांनी स्वतः लोंबकळून तपासला. सहामाहीला सातवीतली एक मुलगी लेखनिक म्हणून बसली. वैष्णवीनं निबंध इतका लांबवला, की बिचारीचा हात आखडला. हेडसर आता पाहुण्यांना वर्ग दाखवताना "आमची वैष्णवी" म्हणतात.

तोवर तिला शाळेत आणणं-नेणं आत्याच करत. दिवाळीनंतर वर्गातल्या मुलीच तिला घ्यायला येऊ लागल्या. एक दप्तर घेते, दुसरी बाजूनं चालते, आणि सगळ्यांची वाटभर खिदळाखिदळ. आत्या दोन दिवस मागून गेल्या. तिसऱ्या दिवशी वैष्णवी थांबली आणि म्हणाली, "आत्या... तू... घरी जा. आम्ही... जातो."

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडं आल्या. हात मोकळे होते. सरळ सोफ्यावर बसल्या.

"सर, वर्गात बोलती का ती?"

"बोलते. कधी कधी गप्प बसवावं लागतं."

"कुनासंग?"

"सगळ्यांशी."

आत्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझं नाव काढती का?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण त्यांच्यासमोर जमेना. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. मग हसल्या, अगदी मनापासून.

"नको काढू दे. तेवढ्यासाठीच तर गेल्तो आपन."

बायकोनं चहा आणला. आत्यांनी कप हातात धरला आणि हळूच म्हणाल्या, "पन दुपार लई लांबती हो आता."

बायको त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मग दुपारची इकडं येत जा." आत्यांनी चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.