सरूबाईंची मांडी

आमच्या पिंटूचं पहिलं पाऊल सगळ्यांत आधी मीच पाहणार, हे मी त्याच्या जन्माआधीच ठरवलं होतं! म्हणून रहाटणीच्या फ्लॅटमध्ये कॅमेरा लावला. त्याचा प्रोग्रॅम एका छोट्या कॉम्प्युटरवर, आणि चित्रं साठवायला नेटवर्कवरचा एक डबा. सगळं माझ्या नवऱ्याने, भूषणने जोडलेलं. चाकणच्या ऑफिसात बसून मी एका डोळ्याने एक्सेल बघते, दुसऱ्याने पिंटू.

त्या दिवशी पाहते तर पिंटू त्याला सांभाळणाऱ्या सरूबाईंच्या मांडीवर, खदखदून हसतोय! मीटिंग उरकून आले, तरी मांडीवरच. जेवले, तरी मांडीवरच! आणि हसू तस्सं! माझ्याकडे आला की तापलेल्या पत्र्यावर बसवल्यासारखा उड्या मारतो!

फोन लावला.

"सरूबाई, त्याला उतरवा बरं मांडीवरून."

"मांडीवर कुठं, ताई? उभं ऱ्हायलंय की! अवो, चाललं! चाललं बघा!"

माझ्यासमोर ढळढळीत मांडी, आणि बाई म्हणतायत चाललं! मी फोनच कापला आणि भूषणला लावला.

"अगं, चित्र अडकलंय. डब्याशी संपर्क तुटलाय. प्रोग्रॅम डब्याच्या उत्तराची वाट बघत बसलाय."

"म्हणजे पिंटू खरंच चालतोय? आत्ता?"

मी प्रोग्रॅम बंद करायला कंट्रोल-सी दाबलं. दहा वेळा. ढिम्म!

"साधा सिग्नल तो ऐकणार नाही," भूषण म्हणाला. "कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य कारभारी, त्यानेच त्याला वाट बघायला बसवलंय. डब्याशी संपर्क जुळला की आपोआप उठेल. तू फक्त..."

"वाट कसली बघतोस! नऊ नंबरचा, जागीच ठार करणारा सिग्नल तर ऐकेल ना?"

"तो ऐकेल, पण अंजली, थां..."

मारला! प्रोग्रॅम जागच्या जागी खलास. पुन्हा सुरू केला, तर पुन्हा डब्यापाशी अडकला!

हाफ डे टाकून घरी पोचले. पिंटू जमिनीवर बसून डब्याची उपटलेली वायर चघळत होता.

"हीच हातात घिऊन चाललं, ताई! चार पावलं!" सरूबाईंचा चेहरा नुसता फुललेला.

"थांबली असतीस," भूषण संध्याकाळी म्हणाला, "तर वायर लावल्यावर प्रोग्रॅमने पोटात धरलेली सगळी चित्रं लिहून काढली असती. पावलांसकट."

आता रोज जाण्याआधी सरूबाई मला ती पावलं करून दाखवतात. पदर खोचून, हातात वायर धरून, डुलत डुलत. मी "परत एकदा" म्हणते. पण दर वेळी त्या एक पाऊल वाढवतात, असा मला दाट संशय आहे!