भातलावणीच्या दिवशी विकास

गरिबी हटवायची तर गरीब माणूस आधी एका जागी बसलेला लागतो. काम करत असलेल्या माणसाची गरिबी हटवणं फार अवघड जातं, असं अनुभवी साहेब लोक सांगतात.

म्हणूनच भात पिकवणाऱ्या बायकांना विकासात सामावून घ्यायची बैठक नेमकी लावणीच्या दिवशी ठेवली. एरवी बायका घरोघर विखुरलेल्या. लावणीला मात्र सगळ्या एकाच शेतात आयत्या सापडतात. (मासे धरणारेही असाच विचार करतात.)

त्या दिवशी शेत साऱ्या गावाच्या आत्याचं होतं. गावातल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या शेतात लावणी करतात, आणि आज नंबर आत्याचा. पहाटेच रोपं उपटून, मुठी बांधून तिने बांधावर ठेवल्या होत्या. उपटलेलं रोप कोणासाठी थांबत नाही. रोपांना बैठकीचं बोलावणं गेलं नव्हतं, एवढी एक चूक राहिली.

बायकांना बांधावरूनच बैठकीच्या हॉलमध्ये नेलं. तिथे पंखा होता, खुर्च्या होत्या, भिंतीवर हसऱ्या बाईचं मोठं चित्र होतं. तिच्या हातातलं रोप उलटं.

"ही कुठली गं?" आत्याची भावजय कुजबुजली.

"विकास झालेली असणार," आत्या म्हणाली. "बघ की, मुळंसुद्धा वर आलीत."

साहेबांनी प्रेमाने विचारलं, "ताई, तुमच्या प्रगतीच्या आड काय येतं? मोकळेपणाने बोला."

"तुम्ही. दारातच उभे आहात," आत्या म्हणाली. "जरा सरका, रोपं सुकतायत."

टाळ्या पडल्या. बाई बोलत्या झाल्या म्हणून साहेबांना भरून आलं. त्या अजून बोलत्या व्हाव्यात म्हणून बैठक संध्याकाळपर्यंत लांबवली.

बायका सुटल्या तेव्हा मुठींनी माना टाकलेल्या. उद्याचा नंबर भावजयीचा, परवाचा शेजारणीचा. कोणाला वगळायचं नाही हा नियम गावात बैठकीच्या आधीपासूनच होता, त्यामुळे आत्या गेली शेवटाला. इकडून तिकडून उरलीसुरली रोपं मागून तिने लावली. उशिरा लावलेला भात धड भरत नाही, गिरणीत तुटतो. तिचा निम्मा तुटला.

पण बाजाराचं मन मोठं. त्याने तो तांदूळही सामावून घेतला. परवा दुकानात तळहातावर घेऊन तुम्ही फुंकर मारलीत, म्हणालात, "नुसता तुकडा आहे हो, निम्म्या भावात देत असाल तर बघा," तो आत्याचाच. दुकानदाराने दिला.

आत्याचं वाचून वाईट वाटलं ना? चांगलं मन आहे तुमचं. भात मऊ झाला होता का?