तीन नंबरच्या मशीनचा कौल

"अंगरखा एकटाच धुवायचा. त्यात दुसरी चिंधीसुद्धा टाकायची नाही," असं लामयाईने सकाळी बजावलं होतं आणि प्रायोंगने "हो" म्हटलं होतं. तीस वर्षं संसार केलेला नवरा म्हणतो तसलंच ते "हो" होतं. आपल्या धुलाईच्या दुकानात येऊन त्याने पांढरा अंगरखा तीन नंबरच्या मशीनमध्ये टाकला, तर मशीन निम्म्याहून जास्त रिकामं. रिकामं मशीन फिरवायचं म्हणजे दुकानाच्या मालकाचा जीव तुटतो. त्याने इकडेतिकडे पाहिलं, अंगातला लाल फुलाफुलांचा सदरा काढला आणि तोही आत ढकलला.

अंगरखा साधासुधा नव्हता. प्रायोंग तरुणपणी रिवाजाप्रमाणे थोड्या दिवसांसाठी भिक्खू झाला तेव्हा त्याच्या आईने हाताने शिवलेला, कडेला लेस लावलेला. आता त्याचा मुलगा थानू कारखान्यातून रजा काढून दीक्षा घ्यायला आला होता. दुपारी मुंडन झालं की हाच अंगरखा घालायचा आणि उद्या सकाळी ढोलताशांत विहारापर्यंत मिरवत जायचं. हा दिवस पाहण्यासाठी लामयाईने चार वर्षं मुलाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. शेवटी नवराबायकोने विहारात उदबत्ती लावून नवस बोलला होता, "पोरगा तयार झाला, तर लॉटरीला आम्ही हात लावणार नाही."

मशीन जरा वेळ फिरलं, दोन आचके दिले आणि पाण्यासकट गप्प झालं. दार उघडेना. छोट्या पडद्यावर "ई ३६" अशी अक्षरं लुकलुकायला लागली. प्रायोंगने सवयीने छातीवरच्या खिशाकडे हात नेला, तर खिसा नव्हता. खिसा सदऱ्याला होता, सदरा मशीनमध्ये होता, आणि खिशात परवा घेतलेली लॉटरीची तिकिटं होती.

पोरगा तयार झाल्यापासून सहा महिने तो खरोखर शहाण्यासारखा वागला होता. पण परवा तिकीटवाल्याच्या पेटीत एक नंबर असा काही गोड दिसला, की हात आपोआप पुढे गेला. आता नवस मोडला म्हणूनच पोराचा अंगरखा अडकला, हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं. तो उघड्या अंगाने मशीनपुढे गुडघ्यांवर बसला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलो बाबा. एवढं दार उघड."

नेमकी त्याच वेळी शेजारची केळ्याची भजी तळणारी बुन्मा झारा घेऊन दारात आली. मशीनपुढे हात जोडून बसलेला माणूस आणि लुकलुकणारा छत्तीस, एवढं पाहिल्यावर मशीन लॉटरीचा नंबर देतंय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

"अगं बाई! कधीपासून दाखवतंय?"

"मावशी, तसं काही नाही. बिघडलंय ते."

"बिघडलेल्या मशीनला कुणी हात जोडतं का? एकट्यानेच खायचा विचार दिसतोय तुझा!"

यावर खरं सांगण्याची प्रायोंगची हिंमत नव्हती. तो गप्प बसला, आणि तो गप्प बसला म्हणून बुन्माची खात्री पटली.

तासाभरात गल्ली लोटली. कुणी मशीनला रंगीत कापड गुंडाळलं. कुणी लाल सरबताच्या बाटल्या नळ्या खोचून नैवेद्य म्हणून पुढे मांडल्या. बुन्माने काचेवर पावडर चोळून आणखी एखादा आकडा उमटतो का ते पाहिलं. आतलं पाणी लालसर झालेलं दिसताच बायकांनी एकदम भक्तिभावाने हात जोडले. एक मुलगी फोनवरून सगळं थेट दाखवत होती. समोरच्या धुलाईवाल्याने लगेच पाटी लावली, "आमचीही मशीनं बिघडतात." दुकान गर्दीने फुललं होतं, फक्त कपडे धुवायला कुणी येत नव्हतं.

दुरुस्तीवाला निखोम आला तेव्हा प्रायोंगला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"काही विशेष नाही काका," निखोम म्हणाला. "पाणी तुंबलंय. खिशात कागदबिगद राहिला की असं होतं."

"कागद? छे! कागद कुठून येणार?" प्रायोंग जरा मोठ्यानेच म्हणाला.

"ते नंतर बघू. प्लग काढायचा, थोडं थांबायचं, कुलूप आपोआप सुटतं."

"खबरदार!" बुन्माने झारा उगारला. "प्लग काढला तर नंबर विझेल! उद्या दुपारी सोडत झाली की काय ते काढा."

"कुठला नंबर?" निखोमने वाकून पडदा पाहिला. मग त्याने हत्यारांची पेटी बंद केली, बाहेर जाऊन छत्तीसचं तिकीट घेतलं आणि येऊन बुन्माच्या शेजारी बसला.

दुपार कलली तेव्हा विहारातून लामयाई आली. तिच्यामागे थानू होता, भुवयांसकट गुळगुळीत झालेला, कमरेला टॉवेल. त्यांच्यामागून थोरले भंतेही आले. मुंडनाला एकही शेजारी का फिरकला नाही, हे त्यांना पाहायचं होतं.

"बाबा, मी घालू काय?" थानूने विचारलं.

प्रायोंगने मशीनकडे बोट दाखवलं. लामयाईने काचेतून आत पाहिलं. पांढऱ्याला बिलगलेला लाल सदरा तिला दिसला. मग तिने नवऱ्याच्या उघड्या अंगाकडे पाहिलं.

"लामयाई, बाजारातून नवा आण गं," बुन्मा समजुतीने म्हणाली. "सगळ्या गल्लीच्या नशिबाचा प्रश्न आहे."

"सासूबाईंनी शिवलाय तो," लामयाई म्हणाली. "डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांना, तरी लेस लावली. माझा मुलगा तोच घालणार."

ती गर्दीतून सरळ चालत गेली आणि तिने प्लग उपटला. छत्तीस विझला. उद्या भिक्खू होणाऱ्या मुलाच्या आईला कोण बोलणार? सगळे मशीनच्या दाराकडे पाहत थांबले. मग टक्क आवाज झाला, तिने दार ओढलं, आणि आतलं सगळं पाणी भसकन दुकानभर पसरलं.

"तीर्थ!" बुन्मा ओरडली. जो तो पेले, डबे, सरबताच्या बाटल्या घेऊन जमिनीवर बसला. निखोमने तर हत्यारांची पेटी रिकामी करून भरून घेतली.

अंगरखा बाहेर आला तो गुलाबी. लामयाईच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रायोंगला जमिनीने पोटात घ्यावंसं वाटत होतं. "माझंच चुकलं," तो पुटपुटला.

भंतेंनी अंगरखा उजेडात धरून पाहिला. "आज घालायचा, उद्या उतरवायचा. त्यानंतर मुलगा आमच्याच भगव्या रंगात येणार आहे. लेस शाबूत आहे ना? मग झालं."

"मला आवडला, आई," थानू म्हणाला आणि तो ओलाच अंगावर चढवून भंतेंबरोबर निघालासुद्धा.

लामयाईने डोळे पुसले आणि मशीनमधून सदरा उचलला. पिळताना तिचा हात खिशापाशी अडला. तिने दोन बोटांनी आतून कागदाचा लगदा बाहेर काढला. प्रायोंगने डोळे मिटून घेतले. आता ही सगळ्यांसमोर विचारणार, आणि गोष्ट मुलापर्यंत जाणार. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तर लामयाईची मूठ घट्ट मिटलेली होती आणि ती बुन्माला शांतपणे सांगत होती, "काही नाही गं, साबणाचा गोळा आहे."

दोघं विहाराच्या वाटेला लागली. लामयाई पुढे, प्रायोंग दोन पावलं मागे. बोलणी कुठल्या शब्दापासून सुरू होतील याचा तो मनात अंदाज बांधत होता. वळणावर गर्दी दिसेनाशी झाली तशी ती थांबली. तिने मूठ उघडून लगदा उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या कानाशी येऊन हळूच विचारलं,

"नंबर काय होता?"